दुखत नाही, तर काऊन येऊ?

आधीच सांगून टाकतो: वल्ली म्हाताऱ्यांवर लिहिलेलं गोडगोड मला वाचवत नाही. माणूस जिवंत असताना त्याचा जिना कुणी चढत नाही, आणि गेल्यावर सगळ्यांना त्याच्या सवयी आठवायला लागतात. मी गोड लिहिणार नाही. आमचे डॉक्टर हट्टी होते, चिकट होते, दिवेलागण झाली तरी जिन्यातला बल्ब लावू देत नसत, आणि माझ्या हातून उतरलेल्या सगळ्यात जहाल पत्रकाचं त्यांनी पार वाटोळं केलं.

नांदुऱ्यात स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर सरकी-ढेपेचं एक दुकान आहे. त्याला लागून डॉक्टरांची दुमजली इमारत. वर दातांचा दवाखाना, त्यामागे त्यांच्या राहण्याच्या दोन खोल्या. खाली आमच्या संघटनेचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक भोंगा, फलकांच्या काठ्या आणि मी. रुग्णांना लुबाडणाऱ्या दवाखान्यांविरुद्ध बोंब मारणं हे आमचं काम. मी मूळचा धामणगाव बढ्याचा, बोंब मारण्यात घराणं जुनं.

खोली मागायला गेलो तेव्हा भाड्याचं बोलणं निघायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "तोंड उघड."

मी उघडलं. त्यांनी दांड्याचा छोटा आरसा आत फिरवला.

"उजव्याच बाजूनं जेवतं वाटते."

"हो. डावीकडची दाढ कॉलेजात असताना काढली."

"मंग तिथी दुसरी काऊन नाही बसवली?"

"दुखत नाही ना."

डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये आपटला. "हेच! मी मेलो की तेरवीच्या पत्रिकेवर हेच छापा. दुखत नाही ना!" मग जरा शांत होऊन म्हणाले, "ज्या हाडावर चावणं पडत नाही थे हाड आटते. दात गेला की हाडाले वाटते, आपलं काम संपलं. मंग थे सालोसाल खाली बसत जाते. दुखत नाही, म्हणूनच तुले पत्ता नाही."

खोली मिळाली. पुढे दाढही त्यांनीच बसवली.

जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवायचा, हाडाने त्याला घट्ट धरलं की वर दात चढवायचा, हे डॉक्टरांचं खास काम. शहरात त्याला इम्प्लांट म्हणतात. आमच्याकडे 'स्क्रूवाला दात'. बसवणारे आता तालुक्या-तालुक्याला झालेत. पण बसवलेल्या दाताचा वाढदिवस करणारा माणूस जिल्ह्यात एकच होता.

वाढदिवस असा व्हायचा. पेशंटला खुर्चीवर नाही, लाकडी स्टुलावर बसवायचं. काचेच्या बरणीतून मूठभर फुटाणे त्याच्या हातावर ठेवायचे. पेशंटने ते चावायचे, आणि डॉक्टर त्याच्या जबड्याला कान लावून, डोळे मिटून ऐकत बसणार. एखादा जुना रेडिओ ऐकावा तसं. मध्येच म्हणणार, "हं. आता दुसऱ्या बाजूनं." एकदा एका गावच्या सरपंचीणबाई फुटाणे तसेच टाकून ताडकन उठल्या. "बावा रे, हा बुढा गालाले कान लावते!" तेव्हापासून बायांसाठी छातीला लावायची नळी आणली. फुटाणे मात्र सुटले नाहीत.

पेशंटला तारीख लक्षात राहत नाही म्हणून डॉक्टर दात सणांवर लावत. एकाचा दात आखाजीचा, एकीची दाढ नागपंचमीची, एका मुल्लाजींचे दोन दात ईदच्या आदल्या दिवसाचे. सण जवळ आला की डॉक्टर फोन घेऊन गॅलरीत बसायचे. कानाने जबडे ऐकणारा हा माणूस फोन मात्र स्पीकरवर लावायचा, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं खाली मला ऐकू यायचं.

"हॅलो, मी नांदुऱ्याहून दातांचा डॉक्टर. परवा आखाजी हाये. तुमच्या दाताचा वाढदिवस."

"कोन दात? आं... हाव हाव, थो! एकदम फस्क्लास हाये डॉक्टर."

"मंग येऊन जा एकदा. हाड पाहून घेऊ."

"पन दुखत नाही ना. दुखत नाही, तर काऊन येऊ?"

"दुखलं की येऊन काही उपयोग नाही भाऊ. हाड सांगून नाही जात."

"बरं, पाहू."

आमच्या वऱ्हाडात 'पाहू' म्हणजे 'नाही'. हे डॉक्टरांना ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर ते बरणी पुसून ठेवायचे.

मला भयंकर संताप यायचा. फवारणीचा पंप हंगाम संपला की धुऊन ठेवतात. मोटारसायकल सर्व्हिसिंगला टाकतात. बैलाच्या बाजारात दुसऱ्याच्या जनावराचे ओठ वर करून दात मोजतात! आणि स्वतःच्या तोंडातलं हाड वर्षातून एकदा दाखवायला यांना एसटीचा प्रवास जड होतो! मी हे सगळं वर जाऊन डॉक्टरांना भाषणासारखं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुयाकडं भोंगा हाये, म्हणून ओरडून राह्यला. माह्याकडं फुटाणे हायेत."

एकदा मी स्पष्टच विचारलं. "डॉक्टर, फुटाण्यातून तुम्हाला खरंच काही ऐकू येतं?"

"नाही."

"मग कान कशाला लावता?"

"हाड एक्स-रेत दिसते. फुटाणा काय सांगणार, कपाळ?" ते आरसा पुसत होते. "पण एक्स-रे काढला की माणूस लगेच चप्पल घालते. फुटाणे दिले की दोन मिनिटं बसते."

आणि ते आरसा पुसतच राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

त्यांच्या बायको नाशिकला मुलीकडे होत्या. 'थोडे दिवस' म्हणून गेल्या होत्या. डॉक्टरांच्या बोलण्यात ते थोडे दिवस अजून चालूच होते. "तिले वासाचा त्रास होते," ते सांगायचे. वास खरा होता. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, आणि हा माणूस खाटकाकडून बकऱ्याचे जबडे आणायचा, मागच्या अंगणात उकळायचा, घासून पांढरे करायचा, त्यात स्क्रू पिळायचा आणि करवतीने मधोमध कापून बघायचा, की कुठल्या आकाराच्या स्क्रूभोवती हाड कसं चिरतं. ढेपवाले शेठ नाकाला उपरणं लावून खालून ओरडायचे, "डॉक्टर, गिऱ्हाईक ढेप सोडून चाल्लं ना बावा!" डॉक्टर वरून जबडा दाखवायचे. "शेठ, याले एकदा पाहून जा. तुमच्या ढेपीपेक्षा सुंदर हाये."

पेशंटला समजावायची त्यांची तऱ्हाही अशीच. गॅलरीत बाभळीचा एक ओंडका ठेवलेला असे आणि शेजारी ज्वारीच्या धांड्यांची पेंढी. पेशंटच्या हातात ते पेचकस द्यायचे. "हा खालचा जबडा, बाभूळ. हा वरचा, मागचा, धांडा. आत नुसता गाभा. आता एकेक स्क्रू दोन्हीत पिळून पाहा." बाभळीत मोठ्या आट्यांचा स्क्रू जोराने पिळला की लाकूड चिरायचं. बारीक आट्यांचा गुळगुळीत स्क्रू धांड्यात घातला की तो धरायचाच नाही, नुसता गरगर फिरायचा. "पाह्यलं? स्क्रू चांगला की वाईट हे स्क्रूले विचारून नाही समजत. हाडाले विचारा लागते."

पण त्यांचा सगळ्यात लाडका दाखला खुंट्याचा. "बैलाचा खुंटा पाह्यला ना? खुंटा खालून नाही हालत आधी. आधी त्याच्या तोंडाशी माती सैल होते. बैल आडवा ओढते, फट पडते, फटीत पाणी जाते, मंग खड्डा. स्क्रूचं बी तसंच हाये. हाड आधी मानेपाशी जाते. म्हणून मान कशी घडवली थे पाह्यचं. गुळगुळीत मान असली की हाड तिले धरत नाही, खाली सरकते. खरखरीत असली, बारीक आटे असले, तर धरून राह्यते. आणि वरचा दांडा स्क्रूच्या तोंडाहून बारीक पाह्यजे. म्हणजे दोघांचा सांधा हाडाच्या काठापासून आत राह्यते आणि काठ वाचते." पेशंट मान डोलवायचा आणि विचारायचा, "मंग किती दिवसांत बसते?" डॉक्टर म्हणायचे, "थांबा लागेल." पेशंट म्हणायचा, "पाहू."

आता बीबी गावच्या ब्यांडमास्तरांबद्दल सांगतो. डॉक्टरांचा मित्र म्हणता येईल असा तेवढाच एक माणूस मी पाहिला.

बीबी लोणारकडे, नांदुऱ्याहून एसटीने जायचं तर अर्धा दिवस मोडतो. मास्तरांचं घराणं वाजवणाऱ्यांचं. वडील सनई वाजवत, मास्तर क्लॅरिनेट; स्वतःची ब्यांडपार्टी होती. लग्नाच्या ऑर्डरीवर इकडे आले की डॉक्टरांकडे दात साफ करून जात आणि चहा पिता पिता दोघं डीजेवाल्यांना शिव्या देत. एका वरातीत नवरदेवाच्या घोडीने मान झटकली. क्लॅरिनेट तोंडातच होतं. मास्तरांचा वरचा समोरचा दात तिथेच पडला.

रुमाल तोंडाला लावून ते आले तेव्हा मी वरच होतो.

"डॉक्टरसाब, तुळशीचं लगन झालं की सीझन चालू. तोवर दात पाह्यजे."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "नाही होत मास्तर. समोरचं हाड पापडासारखं हाये. आधी भर घालतो, मंग स्क्रू, मंग थांबा."

"किती थांबू?"

"पुढच्या पोळ्याच्याही पुढं."

मास्तर हसले. एक दात नसलेलं हसू वाईट दिसतं. "तोवर माही पार्टी राह्यते का साब? डीजेवाले आ करून बसले."

"मी घाई नाही करत."

"मले मालूम हाये. म्हणून तर तुमच्याकडं गर्दी नाही."

मेहकरकडच्या एका मंगल कार्यालयात त्या सुमारास शिबिर लागलं होतं. बाहेरून आलेली मंडळी, मोठ्ठा बॅनर: 'सकाळी या, संध्याकाळी चावा'. मास्तर तिथे गेले. एका तुकड्याचा स्क्रू, म्हणजे स्क्रू आणि वरचा दांडा एकसंध. बारीक, गुळगुळीत मानेचा. त्याच संध्याकाळी वर दात चढवला. मास्तरांनी पूर्ण सीझन वाजवला. त्याच्या पुढच्याही सीझनचा निम्मा वाजवला.

मग एका दुपारी पुन्हा रुमाल तोंडाला लावून जिना चढले. दात लांब दिसत होता, कारण हिरडी वर गेली होती. जिभेने ढकलला की हलत होता. एक्स-रेत स्क्रूच्या मानेभोवती हाड नव्हतंच. बशीसारखा खड्डा होता, आणि बशीच्या मधोमध स्क्रू उभा.

मी दारातूनच ओरडलो, "हा गुन्हा आहे!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते डॉक्टरांना म्हणाले, "मी पुन्हा वाजवीन का नाही, तेवढं सांगा. दुसरं मले काही येत नाही."

डॉक्टर रागावले नाहीत. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. मी म्हणालो असतो, दहादा. ते फक्त म्हणाले, "वाजवून दाखवा."

"आता? इथी?"

"हाव. कुठी दाबते, मले पाह्यचं हाये."

दवाखान्यात क्लॅरिनेट वाजलं. शेठ खालून बघायला आले. मास्तर वाजवत होते आणि डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे एखाद्या इंजिनाकडे बघावं तसे बघत होते. क्लॅरिनेटची चोच वरच्या समोरच्या दातांवर टेकते, हे तेव्हा मला कळलं. म्हणजे वाजवणारा तास-तासभर त्या एका स्क्रूवर रेटा देतो, आडवा, बैल खुंट्याला देतो तसा.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसलो. मथळा आपोआप आला: 'स्क्रूने हाड खाल्लं!' खाली मास्तरांचा एक्स-रे, खाली मागण्या, खाली डॉक्टरांची सही. तज्ज्ञाची सही असली की पत्रकाला वजन येतं. सही घ्यायला वर गेलो.

"खोटं हाये," डॉक्टर म्हणाले.

"काय खोटं? एक्स-रे तुमचाच आहे!"

"स्क्रू हाड खात नाही. आणि एका तुकड्याचा स्क्रू म्हणजे वाईटच, असं बी नाही. खालच्या घट्ट हाडात दोन-चार मिळून बसवले, एकमेकांले बांधून घेतले, तर त्याच दिवशी दात लावले तरी टिकतात. मी स्वतः बसवले. इथी चुकलं काय? हाड पातळ, मान गुळगुळीत, स्क्रू तिरपा, आणि जखम भरायच्या आधी त्याच्यावर क्लॅरिनेट. मास्तरले तिथी कोणी विचारलं का, की तुमी पोटापाण्याले काय करता?"

"शिबिरात कोण विचारतं!"

"मंग थे लिही. 'शिबिरात विचारलं नाही.'"

"डॉक्टर, या वाक्यावर मोर्चा निघत नाही!"

"मंग नको काढू."

आमचं त्या दिवशी चांगलंच वाजलं. मी म्हणालो, तुमच्यासारख्या बरोबर बोलणाऱ्या माणसांमुळेच लुटारूंचं फावतं. ते म्हणाले, तू स्क्रूले दोष दे, उद्या थेच लोक जाडा स्क्रू आणतील आणि म्हणतील, पाहा, बदलला. मी म्हणालो, लोकांना साधं लागतं. ते म्हणाले, हाड साधं नाही. शेवटी पत्रक दोन बाजूंनी छापलं. पुढे माझा मथळा, त्यांच्या सहीशिवाय. मागे त्यांचे प्रश्न: माझं हाड कसं आहे ते तपासलं का? हा स्क्रू याच हाडाला का? मी काय खातो, काय काम करतो, विचारलं का? पुढच्या वर्षी दाखवायला कुठे येऊ? आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरात, त्यांनी हट्टाने घालायला लावलेली ओळ: 'दुखत नसलं तरी वर्षातून एकदा दाखवा.'

स्टेशनावर वाटलं, बाजारात वाटलं. लोकांनी पुढची बाजू उभ्याउभ्या वाचली, च्यक्‌ केलं. मागची बाजू भजीवाल्याने आत घेऊन पुडे बांधले. पुढच्या हंगामात शिबिर परत लागलं. बॅनर आणखी मोठा होता आणि त्यावर नवीन ओळ होती: 'आता जाड स्क्रू'. मी तो बॅनर पाहिला आणि वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांना कळलंच असणार.

मास्तरांचा स्क्रू डॉक्टरांनी काढला, खड्ड्यात भर घातली आणि थांबायला सांगितलं. तोवर काढता-घालता येईल असा दात बनवून दिला. पण वाजवायचं कसं? त्यासाठी डॉक्टरांनी जे केलं ते सगळ्या गल्लीला अजून आठवतं. त्यांनी मास्तरांच्या पार्टीतलं एक जुनं क्लॅरिनेट मागून घेतलं आणि स्वतः वाजवायला लागले.

वाजवायला म्हणजे, आवाज काढायला. रोज दुपारी दवाखाना रिकामा असायचा तेव्हा. म्हणजे रोज दुपारी. अडलेल्या म्हशीसारखा एक सूर वरून निघायचा आणि तुटायचा. शेठ जिन्याशी येऊन हात जोडायचे, "डॉक्टर, जबडे उकळा, पन हे नोका करू!" मी वर जाऊन पाहिलं. डॉक्टर आरशासमोर उभे होते. दात आणि चोचीच्या मध्ये त्यांनी चावा तपासायचा निळा कागद धरला होता आणि फुंकून झालं की कागदावरचा ठसा भिंगातून बघत होते.

"चोचीले दात लावला की सगळा रेटा इथी येते," ते म्हणाले. वाजवून वाजवून त्यांचा ओठ सुजला होता. "आता पाह्य." त्यांनी वरचा ओठ दातांखाली दुमडला, त्यावर चोच घेतली आणि फुंकलं. आवाज आधीपेक्षाही भिकार आला. पण कागद कोरा राहिला.

मास्तर आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना तो कोरा कागद दाखवला. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता.

"वरचा ओठ आत घ्या मास्तर. दात लागूच देऊ नोका."

"ओठ फाटते साब. पुराने लोक वाजवत असे, पन लय तकलीफ."

"फाटू द्या. ओठ आठ दिवसांत भरते. हाडाले वेळ लागते."

मास्तरांनी ओठ फोडून घेतला आणि सीझन काढला. ऑर्डरी कमी घेतल्या, पण पार्टी राहिली. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी नवा स्क्रू बसवला. या वेळी दोन तुकड्यांचा, मानेपर्यंत खरखरीत, मानेशी बारीक आट्यांचा. हिरडीखाली झाकून ठेवला. भरपूर थांबवलं. मग दात.

पहिल्या वाढदिवसाला मास्तर आले. डॉक्टरांनी मला सकाळीच शेगावला पिटाळून कचोऱ्या मागवल्या होत्या. एक्स-रेत हाडाचा काठ जागच्या जागी होता. मास्तरांनी फुटाणा समोरच्या दाताने फोडला, डॉक्टरांनी कान लावला, "हं" म्हणाले. मग मास्तरांनी वाजवलं, ओठ आत घेऊन. गिऱ्हाईक ढेप सोडून वर बघत उभं होतं, आणि शेठनी कुरकुर केली नाही.

त्याच्या पुढच्या पोळ्याला मी खाली बसून फोन ऐकला.

"मास्तर, उद्या कर. तुमच्या दाताचा वाढदिवस."

"एकदम बढिया हाये साब. तुमची मेहरबानी."

"मंग या. फुटाणे आणून ठेवले."

"दुखत नाही ना साब. काऊन येऊ? लय दूर पडते."

"हाव, दूर तर पडते."

"पाहू."

मी तिरमिरीत वर गेलो. "मी बीबीला जातो! चार लोकांत विचारतो त्यांना. तुम्ही त्यांच्यासाठी ओठ सुजवून घेतलात!"

"बस खाली," डॉक्टर म्हणाले. "नाही येत, म्हणजे चांगलं चालून राह्यलं." त्यांनी बरणी उघडली, थोडे फुटाणे माझ्या हातावर ठेवले. "तुही दाढ कधीची? दिवाळीची ना? चाल, आजच पाहून घेऊ." आणि माझ्या जबड्याला कान लावून बसले. बराच वेळ बसले. मी फुटाणे संपले तरी चावल्यासारखं करत राहिलो.

त्याच्याही पुढच्या वर्षी तेच झालं. मग त्यानंतरच्या श्रावणात एका सकाळी डॉक्टरांच्या छातीत कळ आली. अकोल्याला नेलं, दुसऱ्या दिवशी गेले. बायको आणि मुलगी नाशिकहून आल्या. स्मशानात मी, शेठ, जबडे देणाऱ्या खाटकाचा भाऊ आणि नात्यातले दोघे-तिघे. खामगावपासून लोणारपर्यंत इतक्या जबड्यांत या माणसाचं काम बसलेलं आहे, इतके लोक त्याच्यावर रोज भाकरी चावतात. एक आलं नाही. कुणाला कळलंच नव्हतं. कळणार कसं? कुणालाच काही दुखत नव्हतं.

तेरवी नाशिकला झाली. पत्रिकेवर डॉक्टरांनी सांगितलेलं छापलं नव्हतं. नेहमीचंच छापलं होतं.

इमारत विकायची ठरली. मुलीने किल्ली माझ्याकडे ठेवली होती. पोळ्याच्या करीला खुर्ची खोलून नेली. रस्त्यावरून कालचे रंगवलेल्या शिंगांचे बैल चालले होते. मी गॅलरीतला ओंडका कुणाला द्यायचा या विचारात होतो, आणि जिन्यात पावलं वाजली.

मास्तर होते. काखेत क्लॅरिनेटची पेटी, हातात कागदाचा पुडा.

"डॉक्टरसाब?"

मी सांगितलं.

ते स्टुलावर बसले. पेटी मांडीवर घेतली. म्हणाले, "मले काऊन नाही कळवलं?"

"तुमचा नंबर त्यांच्या फोनात. फोन मुलीने नेला."

"तरीच." त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथे खुर्ची होती. "दरसाल फोन येई. मी म्हणो, दुखत नाही, काऊन येऊ. यंदा पोळा झाला, कर उजाडली, फोनच नाही. घरची म्हणे, दाताचं काही हाये का? म्हटलं, दात ठीक हाये. फोन काऊन नाही आला, थे पाहून येतो."

त्यांना सुनवायचं म्हणून एक भाषण माझ्याकडे दोन वर्षांपासून तयार होतं. ते माझ्या तोंडात आलं आणि तिथेच राहिलं.

मास्तरांनी बरणीकडे बोट दाखवलं. मी उघडून दिली. आतले फुटाणे पावसाळ्यात मऊ पडले होते, बोटांत दाबले जात होते. त्यांनी बरणी बाजूला ठेवली आणि आपला पुडा सोडला. ताजे, मीठ लावलेले.

"साबसाठी आणले होते," ते म्हणाले. "लावा कान."

"मला त्यातलं काही कळत नाही मास्तर."

"लावा तं."

मी वाकलो. त्यांच्या गालाची खुरटी दाढी कानाला टोचली. त्यांनी एक फुटाणा समोरच्या दातांत धरला आणि फोडला. कवटीच्या आत कुणी दार लावावं तसा आवाज झाला. खाली शेठचा काटा खणखणला. मास्तर हलले नाहीत.

"काय ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"हं," मी म्हणालो. "आता दुसऱ्या बाजूनं."